घरी काडतूस भरताना गोळी कुठली घ्यायची? वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, साफ करण्याबद्दल लिहिलं तेव्हापासून पत्रं येतायत ती सगळी गोळीबद्दलच. म्हणून आज फक्त गोळी. आधी एक सांगतो, बरेच जण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतात. इथे गोळी म्हणजे पुंगळीच्या तोंडात बसवलेला, नळीतून बाहेर जाणारा तेवढाच भाग, पुंगळी, प्रायमर (बुडातली, ठोका बसला की पेटणारी टिकली), दारू सोडून.

प्रश्न : माझी .३०८ रायफल आहे, म्हणजे ०.३०८ इंच व्यासाच्या गोळीची, मध्यम आकाराच्या हरणासाठी वापरतो. टार्गेटवर मॅच गोळ्या, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या, इतक्या सुंदर बसतात की सगळी छिद्रं एकमेकांत जातात, आणि त्यांच्या टोकाला भोक पण आहे म्हणजे हॉलो पॉइंटच (टोकाला पोकळी असलेल्या, लागल्यावर उघडणाऱ्या) झाल्या ना, मग शिकारीला त्याच भरल्या तर काय बिघडलं?

उत्तर : ते भोक बघून फसलेले तुम्ही पहिले नाही, मीही फसलो होतो. मॅच गोळीचं तांब्याचं जाकीट, म्हणजे शिशावरचं कवच, मागच्या बाजूने बंद असतं, शिसं पुढून भरतात आणि मग टोक आवळून आणतात, त्या आवळण्यात जे उरतं ते हे बारीक भोक. म्हणजे बूड एकदम नीट यावं म्हणून केलेली सोय आहे ती, गोळी उघडावी म्हणून नाही. जनावरात गेल्यावर ही गोळी कधी पेन्सिलीसारखी आरपार जाते, कधी खांद्याच्या हाडावरच चुरा होते, आणि दोन्हीचं फळ एकच, जखमी जनावर झाडीत शिरतं आणि तुम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरता. सिएरा कंपनी आपल्या मॅचकिंग गोळ्या शिकारीला वापरू नका असं स्वतःच सांगते, मग आपण कशाला शहाणपण करायचं.

शिकारीच्या गोळीने दोन कामं करायची असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पावसाळ्यातल्या अळंबीसारखं उघडायचं, पण उघडूनही एकसंध राहून आत खोल जायचं. पूर्ण जाकिटाची मिलिटरी गोळी उघडतच नाही. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली म्हणून सैन्यात पूर्ण जाकिटाच्याच गोळ्या राहिल्या, शिकारीच्या कायद्यात बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं आहे, तिथे न उघडणारी गोळीच चालत नाही. आणि नेमाचं म्हणाल तर जनावराचा मर्मभाग ताटाएवढा असतो, एक इंच इकडेतिकडे झाल्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न : १५० ग्रेन की १८० ग्रेन? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडणं होतात.

उत्तर : भांडण चुकीच्या गोष्टीवरून चाललंय असं मला वाटतं. ग्रेन म्हणजे वजन, ७००० ग्रेनचा एक पाउंड, म्हणून १५० ग्रेन साधारण ९.७ ग्रॅम आणि १८० म्हणजे ११.७. एकाच व्यासाची जड गोळी लांब असते. तिचं पाउंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग, असा एक आकडा काढतात त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात, .३०८ मध्ये १५० ला तो ०.२२६ येतो आणि १८० ला ०.२७१. आकडा मोठा तर खोल जायची शक्यता जास्त, पण बाकी सगळं सारखं असेल तरच, आणि बाकी सगळं सारखं कधीच नसतं. पातळ जाकिटाची मऊ १८० वाली फुटून गेली की तिची सेक्शनल डेन्सिटी तुमच्या वहीतच राहते.

यावर जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४६ साली कॅनडात ते मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीला गेले, हातात .३०० मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची रायफल, वेग भरपूर, आणि त्या वेगालाच गोळ्या टिकेनात, त्या मोठ्या जनावराच्या चिखल वाळलेल्या खांद्यावर वरच्यावरच फुटायला लागल्या. रायफल चांगली, नेम चांगला, गोळी मऊ. मग त्यांनी मधे तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली, पुढचं शिसं उघडायला आणि मागचं भिंतीआड सुरक्षित, तीच पार्टिशन, अजून विकली जाते.

म्हणून मी वजनाच्या आधी विचारतो की गोळी जनावराला लागेल तेव्हा तिचा वेग किती असेल. नळीच्या तोंडाशी किती ते नाही, लागताना किती. बहुतेक शिकारी गोळ्यांना नीट उघडायला सेकंदाला १८०० ते २००० फूट तरी वेग लागतो, कंपनी तो आकडा देते, काही लांब पल्ल्याच्या गोळ्या त्याच्या खालीही उघडतात. तुम्ही झाडीत ५०-६० मीटरवर मारता आणि काडतूस मॅग्नम आहे तर कडक गोळी घ्या, बाँडेड म्हणजे शिसं जाकिटाला पक्कं जोडलेली, नाहीतर पार्टिशनसारखी. .३०८ चा साधा वेग आणि हलकं हरीण असेल तर १५० ची साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, पुरते, महागाची गरज नाही. उलट बारीक अंगाच्या हरणाला फार कडक गोळी मारली तर ती उघडायच्या आतच पलीकडे निघून जाते. एल्क, मूस वगैरे मोठ्या हरणांसाठी मात्र १८० आणि बांधणी मजबूत, तिथे काटकसर करू नका.

प्रश्न : शिसं सोडून पूर्ण तांब्याच्या गोळीवर जायचंय. वजन तेवढंच घेतलं तर दारूचं माप तेच ठेवलं तर चालेल ना?

उत्तर : नाही. अजिबात नाही. वजन सारखं म्हणजे गोळी सारखी नव्हे. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ च्या आत, म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होणार, आणि मॅगझिनमध्ये (रायफलीत काडतुसं साठवायच्या कप्प्यात) मावायला काडतुसाची एकूण लांबी तर तेवढीच ठेवावी लागते, मग ती जास्तीची लांबी पुंगळीत आत घुसते, दारूची जागा खाते आणि दाब वाढतो. शिवाय तांबं कडक, नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांत शिरताना जास्त विरोध करतं, म्हणूनच अशा बऱ्याच गोळ्यांच्या अंगावर खाचा पाडलेल्या असतात. त्या नेमक्या गोळीसाठी दारूचं माप काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमधून घ्यायचं, सुरुवातीच्या मापापासून चढत जायचं, मित्राच्या वहीतलं माप उचलायचं नाही. हे शिशाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्यांनाही लागू आहे बरं का.

दुसरं म्हणजे ट्विस्ट, नळीतल्या आट्यांचा पीळ. गोळी हवेत सरळ राहते की नाही हे तिच्या लांबीवर जास्त ठरतं, वजनावर कमी, त्यामुळे बारा इंचात एक फेरा देणाऱ्या नळीतून लांबलचक तांब्याची गोळी कदाचित डगमगेल. सोपा उपाय, एक पायरी हलकी घ्या, १८० ऐवजी १५० किंवा १६५. तांब्याची गोळी वजन जवळजवळ टिकवून ठेवते त्यामुळे खोल जाण्यात कमी पडत नाही, फक्त वेग कमी झाला की उघडायला कुरकुर करते, म्हणून फार लांबून मारू नका.

बदलताय ते चांगलंच करताय. शिशाचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात आणि टाकलेली आतडी खाणारे पक्षी त्याने मरतात. कॅलिफोर्नियात काँडर गिधाडांचे हाल बघून शिकारीला शिशाची गोळी आधी त्यांच्या भागात बंद झाली आणि १ जुलै २०१९ पासून अख्ख्या राज्यात, डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्याही बंद केल्या.

प्रश्न : लिव्हर ॲक्शन रायफलमध्ये (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची) टोकदार गोळी भरली तर लांब जाईल का?

उत्तर : नळीसारखं मॅगझिन असेल तर भरूच नका. त्यात काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं, आणि धक्क्याने मॅगझिनमध्येच बार उडू शकतो. चपट्या तोंडाची घ्या, नाहीतर या कामासाठीच बनवलेली मऊ प्लास्टिकच्या टोकाची.

प्रश्न : आजोबांची जुनी ८ एमएम माउझर रायफल आहे, ८ एमएमची कुठलीही गोळी चालेल का?

उत्तर : थांबा, आधी नळी मोजून घ्या. ८ एमएम नावाखाली दोन व्यास आहेत, जुना .३१८ इंच आणि नंतरचा .३२३. जुन्या अरुंद नळीत मोठी गोळी घातली तर दाब धोक्याच्या पलीकडे जातो. नळीत मऊ शिशाचा तुकडा हळूहळू ठोकून आरपार काढायचा आणि तो मायक्रोमीटरने मोजायचा, हे काम स्वतःला जमत नसेल तर बंदूक दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या आणि तोवर एक पण गोळी विकत घेऊ नका.