उभी गुहा? छे, विवर!

फोंड्याच्या एका तरुण वाचकाने विचारलंय : आल्प्समधल्या चुनखडीच्या पठारांवर दोराने सरळ खाली उतरावं लागतं अशा खोल गुहा असतात. त्यांना मराठीत ‘उभी गुहा’ म्हणायचं का? आणि उतरणाऱ्याला ‘गुहारोहक’?

दुसरं आधी घेतो, कारण तो शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. आरोहण म्हणजे चढणं. ज्या गोव्यात पेटी शिकायला बसलेल्या पोरालाही आरोह-अवरोह वेगळे कळतात, तिथे खाली उतरणाऱ्याला आरोहक म्हणायचं? बरं, तिथे क्रमही रागाच्या उलटा. आधी अवरोह, आणि आरोह शेवटी, तोसुद्धा दमून, भिजून, शून्याच्या जेमतेम वर असलेल्या थंडीत, एकाच दोरावर. डोंगर चढणारा थकला तर माघारी वळतो आणि उतार त्याला घरी नेतो. इथे घरची वाटच चढाची. परवा एका व्याख्यानात तर ‘आल्प्समधली लेणी’ असंही ऐकलं. अहो, लेणी माणूस कोरतो! साखळीजवळ हरवळ्याला जांभ्यात कोरलीत ती लेणी. पाण्याने केलेल्या भोकाला लेणं म्हणू नका.

आता गुहा. धातुपाठात ‘गुहू संवरणे’ असं आहे. गुह् म्हणजे झाकणं, लपवणं. गुह्य, गूढ, गुहा ही सगळी एकाच घरातली. पण गंमत त्या ‘संवरणे’त आहे. संवरण म्हणजे सम् अधिक वृ. यातला सम् काढा आणि वि लावा : विवरण, विवृत, विवर! गुहेचा अर्थ सांगायला जो धातू घेतला, त्यालाच उलट दिशेचा उपसर्ग लावला की विवर तयार. मास्तर कवितेचं विवरण करतात म्हणजे झाकलेला अर्थ उघडा करतात. विवर म्हणजे जमीन जिथे उघडी पडली ती जागा. हे प्रथम लक्षात आलं त्या दिवशी माझा चहा निवून गेला होता.

आणि त्या पठारांवर होतं तेच. आपल्या सड्यासारखाच उघडा माळ समजा, फक्त जांभ्याऐवजी चुनखडीचा आणि दोन हजार मीटर उंचीवरचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, भेगेत शिरतं आणि दगड विरघळवत ती भेग रुंद करत जातं. म्हणून वर ओहोळ फारसे दिसत नाहीत, सगळं पाणी पोटात. तोंड आभाळाकडे, वरून बर्फ थेट आत. याला ‘झाकलेली’ कुठल्या तोंडाने म्हणणार? लोणार आणि चंद्रावरचे खड्डे यांनी विवर हा शब्द आधीच अडवलाय, अशी हरकत काहीजण घेतात. कृष्णविवर म्हटल्यावर कुणी लोणारची बस पकडली आहे का?

स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर कानिन नावाचं असंच पठार आहे. तिथे 1996 साली सापडलेल्या एका विवरात 603 मीटरचा सलग कडा आहे, मध्ये टप्पा नाही. दूधसागर 310 मीटर धरला तर जवळजवळ दोन दूधसागर एकावर एक. हवेचा अडथळा सोडला तरी वरून टाकलेला दगड तळाला पोचायला अकरा सेकंद लागतात. त्याचं नाव व्र्तोग्लाव्हित्सा. स्लोव्हेनियन भाषेत याचा अर्थ भोवळ. ग्लावा म्हणजे डोकं, आणि व्र्त म्हणजे फिरणं, अगदी आपल्या वर्तुळातला, आवर्तातला, वाटोळ्यातला वृत्! ‘डोकं फिरतं’ हे त्या लोकांनी एका शब्दात बसवलं आणि खड्ड्यावर डकवलं.

आता माझं लाडकं मत. विहीर ही विवराचीच लेक आहे. आमच्या वाचनालयातले एक जाणकार यावर दरवेळी नाक मुरडतात : व चा ह कसा झाला ते दाखवा! अहो, व चा ह झालाच नाही. व गळला, दोन स्वर समोरासमोर आले आणि मधल्या रिकाम्या जागी ह येऊन बसला. मुकुळाचा मोहोर कसा झाला? क गेला, ह आला. दरवर्षी माघात आंब्याकडे बघतात, पण त्यांना ते दिसत नाही. ‘शब्द देशी आहे’, म्हणजे संस्कृतातून आलेलाच नाही, असं म्हणून मोकळं होणं म्हणजे व्युत्पत्तीला सुट्टी देणं. आणि गोव्यात विहिरीला बांय म्हणतात हा त्यांचा हुकमी पत्ता तर इथे लागूच नाही. ती वापीची लेक, घराणंच वेगळं.

शिवाय फ्रेंच मंडळी माझ्या बाजूने आहेत. विवराच्या आतल्या प्रत्येक उभ्या टप्प्याला ते ‘प्युई’ म्हणतात, म्हणजे चक्क विहीर, आणि नकाशावर तिच्या आद्याक्षरापुढे मीटर लिहितात. इटालियनांचा ‘पोत्सो’ही विहीरच. तेव्हा अख्ख्या प्रकाराला विवर म्हणा आणि आतल्या एकेका उभ्या उताराला विहीर. ‘तिसऱ्या विहिरीत दोर घासतोय, खिळा बदला’ हे वाक्य कुणालाही समजेल.

राहिलं उतरणाऱ्याचं नाव. आमच्या घरच्या विहिरीचा गाळ काढायला मे महिन्यात एक गडी यायचा. कमरेला सुंभाचा दोर, पायाची बोटं चिऱ्यांच्या फटीत, विझलेली विडी कानामागे. अर्ध्यावर पोचला की वर बघून सांगायचा, आभाळ ताटलीएवढं झालं. त्याला आम्ही ‘विहिरीत उतरणारा’ म्हणायचो आणि तो ओ द्यायचा.