पुस्तक पिठाच्या डब्यामागं

"ताई, वाचलेलं डोक्यात राहतच नाही. वय झालं आता. भरलेली फी वाया गेली म्हणायची."

तासगावकडच्या, अडतिशीतल्या त्या बाई डिसेंबरात माझ्याकडं आल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) नववीत असताना लग्न झालेलं, आता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला नाव घातलेलं. घरी बसून शिकणाऱ्या बायकांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय, की मी आधी विचारते, "पुस्तक कुठं ठेवता?"

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पिठाच्या डब्यामागं."

घरात फक्त लेकीला माहीत होतं. दिवसभर द्राक्षबागेत विरळणी, मग स्वयंपाक, आणि रात्री 11 नंतर मोबाइलच्या उजेडात वाचन, तेही दाराकडं कान लावून. असं वाचून कुणाच्या लक्षात राहील? बोलता बोलता कळलं, बचत गटातल्या 12 बायकांपैकी कुणाचा हप्ता थकलाय, व्याज किती झालं, हे त्यांना तोंडपाठ. स्मरणशक्ती ठणठणीत होती. पुस्तक लपवायचं थांबायला हवं होतं.

एकदम सगळ्या घराला सांगा, असं मी म्हटलं नाही. आधी सासूबाईंना (त्या त्यांना आत्याबाई म्हणतात) गृहविज्ञानातला आहाराचा धडा वाचून दाखवा म्हटलं. पहाटे चहाच्या वेळी 20 मिनिटं मोठ्यानं वाचायचं, मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं. तिसऱ्या दिवशी सासूबाई वादाला उभ्या राहिल्या, "बाळंतिणीला असलं देत्यात व्हय?" ज्या धड्यावर वाद झाला, तो धडा त्या विसरल्या नाहीत.

दुसरी अडचण हाताची. 20 वर्षं सहीपलीकडं काही लिहिलेलं नसतं. उत्तर येत असतं, पण अर्ध्या तासात मनगट भरून येतं, आणि बायका त्यालाच "मला येत नाही" म्हणतात. याकडं शिकवणारेही फारसे बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. रोज एक पान, घड्याळ लावून, एवढंच ठरवलं.

पाचही विषयांचा एकदम धसका घेतला होता. तशी गरजच नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाच वर्षांत नऊ संधी, आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. फेब्रुवारी-मार्चात द्राक्षं उतरवायची, मग बेदाण्याचं काम. तेव्हा अभ्यास होणार नाही हे धरूनच एप्रिल सोडला. ऑक्टोबरला दोनच विषय दिले, मराठी आणि गृहविज्ञान. दोन्ही सुटले.

पुढच्या वेळी मी म्हटलं, "गणिताची सक्ती नाही, विषय बदलता येतो का बघूया."

"राहू द्या ताई. व्याजाची गणितं हायत त्यात. आत्याबाई म्हणाल्या, ती मला शिकीव."