आधी वाटणी विचार

प्रिय मित्रा,

छोट्या मच्छीमार वस्त्यांमधला सामाजिक-आर्थिक बदल अभ्यासायला निघाला आहेस. प्रश्नावली वाचली. ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ हा पहिलाच प्रश्न काढून टाक. मासेमारीत हिशेब महिन्याचा नसतो, फेरीचा असतो. महिन्याचा विचारलास तर समोरचा माणूस तुझं समाधान होईल असा काहीतरी आकडा सांगेल. त्यापेक्षा मागच्या तीन फेऱ्या विचार, रिकामी परतलेलीही धरून. भरघोस मासळीची फेरी वर्षभर लक्षात राहते, रिकामी आठवड्याभरात विसरली जाते.

मग त्या फेरीच्या पैशांची वाटणी कशी झाली ते उतरवून घे. बहुतेक छोट्या होड्यांवर पगार नसतो, वाटा असतो. विक्रीतून आधी सामायिक खर्च निघतो: इंधन, बर्फ, शिधा, लिलावाचं कमिशन. उरलेल्यातला एक हिस्सा होडी-इंजिन-जाळ्यांचा, बाकीचा माणसांचा. समज, विक्री १,००० आणि खर्च ४००. उरलेल्या ६०० पैकी निम्मे होडीला गेले, तर ३०० पाच जणांत, म्हणजे प्रत्येकी ६०. आता मासळी तेवढीच, भावही तोच, फक्त इंधन महागून खर्च ५५० झाला. प्रत्येकाच्या हाती ४५ येतात. कमाई एक चतुर्थांशाने घटली आणि पकडीच्या आकडेवारीत त्याचा मागमूसही नाही! म्हणून इंधन वाटणीआधी कापतात की होडीच्या हिश्श्यातून, तांडेलाचे (होडीवरच्या प्रमुखाचे) वाटे किती, नवं इंजिन आल्यावर होडीचा हिस्सा वाढला का आणि कधी, हे खोदून विचार. वस्तीतल्या पक्क्या घरांची मोजणी सगळेच करतात. मला विचारशील तर खरा बदल या नियमात दिसतो.

कर्जाचंही तसंच. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीला व्याज नाही, असं व्यापारी आणि मच्छीमार दोघंही सांगतील. व्याज भावात मुरलेलं असतं. उचल १०,०००, बाजारभावापेक्षा किलोमागे ५ कमी, वर्षाकाठी ८०० किलो मासळी त्यालाच: ४,००० गेले, म्हणजे ४० टक्के. पण लगेच त्याला खलनायक ठरवू नकोस. मासळी नसलेल्या हंगामात हप्त्याचा तगादा न लावणारा आणि इंजिन बिघडल्यावर रातोरात पैसे देणारा बहुधा तोच असतो. सहकारी संस्था बहुधा इथेच अडखळते: मासळी विकून देते, अडीनडीला पैसे देत नाही. मग सभासद पुन्हा त्याच दारात.

किनाऱ्यावर जायचे दिवस सुट्ट्या पाहून ठरवू नकोस. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) मिळून पूर्ण पंधरवडा धर. पाण्याच्या ओढीवर चालणारी जाळी उधाणात भरतात, दिव्यावरची मासेमारी काळोख्या रात्री साधते. नुसतं पौर्णिमेचं उधाण पाहिलंस तर एकाला श्रीमंत ठरवशील, दुसऱ्याला गरीब.

बायकांचे प्रश्न ‘पूरक उत्पन्न’ या रकान्यात कोंबलेस, ते मला पटलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा वाळवण, प्रक्रिया आणि विक्रीला लघुमासेमारीतच धरतात. मासळी मोठ्या बंदरात एकगठ्ठा उतरू लागली की टोपलीभर घेणारीला बोलीच लावता येत नाही. लॉट मोठा, रोकड थोडी. तिला वेगळी गाठ, नवऱ्यासमोर नको आणि लिलावाच्या वेळी तर नकोच. टोपली किती किलोची, उधारी किती दिवसांची, बर्फ आणि गाडीभाड्याला किती गेले, संध्याकाळी उरलेल्या मासळीचं काय केलं, हे विचार.

योजनेचा हेतू आणि परिणाम एकाच रांगेत लिहू नकोस. केरळात १९५३ साली सुरू झालेला भारत-नॉर्वे प्रकल्प छोट्या मच्छीमारांच्या होड्यांना यंत्र देण्यासाठी होता. पुढे कोळंबीच्या निर्यातीत पैसा दिसला, ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या यंत्रनौका) वाढले, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या आंदोलनांनंतर १९८८ मध्ये राज्याला पावसाळ्यातलं ट्रॉलिंग बंद करावं लागलं.

‘पूर्वी मासे मोठे मिळायचे’ हे वाक्य म्हाताऱ्यांची हळहळ म्हणून सोडू नकोस. कोणती जात, केवढी, किती खोलीवर, असं विचारून घे. कॅनडाच्या न्यूफाउंडलँडमध्ये किनाऱ्यालगतचे मच्छीमार कॉड घटल्याचं आधीपासून सांगत होते. ट्रॉलरची पकड मात्र चांगली दिसत होती, कारण उरलेले मासे दाटीने एकत्र आले होते आणि ट्रॉलर नेमके तिथेच जाळं टाकत. १९९२ मध्ये कॉडची मासेमारीच बंद करावी लागली.

शेवटचं, नमुना निवडीबद्दल. घर क्रमांकांवरून यादी केलीस तर बाहेरून आलेले खलाशी त्यात येणारच नाहीत. ते होडीवर नाहीतर जाळ्यांच्या खोपटात झोपतात. यादी होड्यांवरून कर. प्रत्येक होडीवर कोण, कुठून आलेला, वाट्यावर की ठरलेल्या मजुरीवर. शेजारी आणखी एक रकाना ठेव: होडीवरची हीच जागा पूर्वी होडीवाल्याच्या घरातल्या कोणाची होती आणि तो आता काय करतो. या याद्या झाल्या की पाठव, मग उरलेली प्रश्नावली पाहू.