क्षमा केली की समेट झाला?

नवापूरकडच्या एका वाचकाने विचारलं आहे : "आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) दोघांचं बांधावरून बिनसलं होतं. एकाने पाळकांना (धर्मगुरूंना) सांगितलं, 'मी त्याला क्षमा केली.' प्रभुभोजनाच्या रविवारी 'समेट झाला' असं जाहीर झालं. अर्थ एकच ना?"

नाही. क्षमा कोणाला तरी करतात, समेट कोणाशी तरी होतो. क्षमेला एक माणूस पुरतो. समोरचा सुरतेला निघून गेला, अगदी वारला, तरी ती करता येते. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात येशू प्रार्थनेला उभं राहतानाच क्षमा करायला सांगतो. समेटासाठी मात्र उठून जावं लागतं. मत्तयाच्या ५व्या अध्यायात, भावाच्या मनात ज्याच्याविरुद्ध काही आहे त्याने दान वेदीपुढे तसंच ठेवून निघायचं. १८व्यात उलट : ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याने जायचं, एकांतात तो दाखवून द्यायचा, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. 'आधी त्याने यावं' म्हणायची सोय दोघांनाही नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

गल्लत होते ती 'मिटवणे'मुळे. 'जाऊ द्या भाऊ, मिटवून टाका,' असं वडीलधारे म्हणतात, चहा होतो आणि त्यालाच समेट म्हटलं जातं. पण बांध हातभर कोरलेला असेल, हद्दीचा दगड सरकवलेला तसाच असेल, तर भांडण फक्त झाकलं गेलं. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने येशूपुढे लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. 'तडजोड'ही इथे चालणार नाही. तीत दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं, आणि ज्याची जमीन गेली त्याने आणखी काय सोडायचं?

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेसाठी 'ऋण सोडणे' आहे. कापूस विकल्यावर फेडायच्या बोलीवर उधारी चालते त्या खानदेशात हे वेगळं समजवावं लागत नाही. सोडलेली उधारी पुन्हा मागायची नसते. पण ती सोडली म्हणून त्याच माणसाला पुन्हा उधार द्यायलाच हवं, असंही नाही. म्हणून मारहाण सोसलेल्या बाईला 'क्षमा केलीस ना, मग जा नांदायला' असं सांगणं मला साफ चुकीचं वाटतं. तिने तिच्याकडचं दिलं; मारणाऱ्याने अजून काहीच केलेलं नाही.

तुमच्या मंडळीत जाहीर करायचंच होतं, तर 'एका भावाने क्षमा केली आहे, समेट व्हायचा आहे' एवढंच बरोबर ठरलं असतं. दुसरा भाऊ बांध मोजून द्यायला तयार झाला, की 'झाला' म्हणा.