वर्ध्याची मुलगी विदर्भाकडून खेळेल की महाराष्ट्राकडून? आणि विदर्भाच्या महिला संघाचा इतिहास काय?

भाऊ, तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. लेक १२ वर्षांची, वर्ध्यात गल्लीतल्या पोरांसोबत टेनिस बॉलनं खेळते, आता तिला लेदर बॉलचं वेड लागलंय; ती कोणाकडून खेळणार, हा एक. आणि "विदर्भाच्या पोरींच्या टीमनं आजवर केलं तरी काय?" असं तुमच्या साळ्यानं जेवताना विचारलं, त्याला काय सांगायचं, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. विदर्भाकडून. आपल्या राज्यात क्रिकेटच्या तीन वेगवेगळ्या संघटना आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे ११ जिल्हे विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे आपल्या बोलीत व्हीसीएकडे. वर्धा त्यातच.

दुसऱ्यासाठी जरा मागं जावं लागेल. मी काही विदर्भाची खेळाडू नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नागपुरात कॉलेजकडून आणि एकदा विद्यापीठाकडून मध्यमगती बॉलिंग टाकली, एवढीच माझी पुंजी. पण तेव्हापासून या टीमच्या स्कोअरवर डोळा ठेवून आहे.

तेव्हा मुलींचं क्रिकेट बीसीसीआयकडे नव्हतंच. १९७३ साली स्थापन झालेली भारतीय महिला क्रिकेट संघटना ते चालवायची. त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. टीम किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तिनातल्या दोन आपल्याच राज्यातल्या, पण आपण त्यात कुठंच नाही. पुण्यामुंबईच्या पोरींना तेव्हापासूनची वाट मिळाली होती. आम्हाला मैदान मिळायचं ते मुलांची प्रॅक्टिस आटोपल्यावर, सकाळी अकराला. नागपूरचे अकरा, मार्च महिना! पॅड मुलांचे उतरलेले, मांडीपर्यंत यायचे. एक रन धावून काढायचा म्हणजे पायात दोन उशा बांधून पळणं. आमची एक ओपनर कंटाळून फक्त चौकारच मारायला शिकली, हा एक फायदाच म्हणायचा.

२००६ मध्ये महिलांचं क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं आणि २००६-०७ च्या मोसमापासून सीनियर महिलांची एकदिवसीय स्पर्धा सुरू झाली. तुमच्या साळ्याला टीमचा जो हिशेब हवाय, तो इथून धरा. आणि इथंच ती गोष्ट आहे, जी पुण्यामुंबईचे लोक कधी लक्षात घेत नाहीत.

सुरुवातीला ही स्पर्धा झोननुसार व्हायची. मुंबई, महाराष्ट्र वेस्ट झोनमध्ये. विदर्भ मात्र सेंट्रल झोनमध्ये. का? माझ्या मते हा जुना नकाशा आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्य बदललं, झोन काही बदलला नाही. पुरुषांच्या रणजीतही विदर्भ वर्षानुवर्षं सेंट्रलमध्येच खेळला. मराठी बोलणाऱ्या पोरी, पण लढत राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशाशी.

आणि रेल्वेशी. आता रेल्वेची टीम म्हणजे काय हे साळ्याला नीट समजावून सांगा. मुलगी चांगली खेळली की रेल्वे तिला नोकरी देते. पगार, पेन्शन, प्रवासाचा पास. तेव्हा मुलींना क्रिकेटमधून दुसरीकडे कुठून पैसा येणार होता? त्यामुळे देशातल्या चांगल्या खेळाडूंची रीघ रेल्वेकडे. भारताची कर्णधार मिताली राज रेल्वेकडून खेळायची, यावरूनच अंदाज घ्या. त्या एकदिवसीय स्पर्धेची बहुतेक विजेतेपदं रेल्वेनं नेलीत. म्हणजे विदर्भाच्या पोरींना झोनमधून वर जायचं, तर वाटेत जवळपास भारताचीच टीम उभी. शिवाय उत्तर प्रदेश, जिथून पुढं दीप्ती शर्मा आली. पुरुषांनी रणजी २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा आणली, मग पोरींनी का नाही, हा सवाल मला सोपा वाटत नाही. पुरुषांनाही १९५७-५८ च्या पहिल्या मोसमापासून पहिल्या चषकापर्यंत ६० वर्षं लागली. तेव्हा कोणी जेवताना हिशेब मागत नव्हतं.

रेल्वेचं दुखणं आणखी एक. आपण घडवायचं, त्यांनी न्यायचं. मोना मेश्राम घ्या. नागपूरची, जन्म १९९१ चा, विदर्भाकडून खेळून वर आली. २०१२ मध्ये भारताकडून पहिला एकदिवसीय सामना. २०१७ च्या वर्ल्ड कपच्या संघात ती होती. लॉर्ड्सवरच्या फायनलला अकरामध्ये नव्हती, पण त्या चमूत नागपूरची पोरगी होती. तीही रेल्वेकडून खेळली. तिला दोष देणारे मला भेटलेत. मी म्हणते, नोकरी तुम्ही देता का बाप्पा?

तो फायनल आपण ९ धावांनी हरलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

भारती फुलमाळी अमरावतीची. मार्च २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध गुवाहाटीला भारताकडून टी-२० खेळली. दोन सामने, आणि मग नाव गायब. एखादी खचली असती. ही विदर्भाकडून खेळत राहिली. १० मार्च २०२५ ला डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे पोरींच्या आयपीएलमध्ये, गुजरात जायंट्सकडून मुंबई इंडियन्सविरुद्ध २५ बॉलमध्ये ६१ रन ठोकले. मी घरी एकटीच सोफ्यावर उभी राहून ओरडत होते. हरलो, ९ धावांनीच. या ९ आकड्याचं आमच्याशी काय वैर आहे कोण जाणे.

डब्ल्यूपीएलच्या पहिल्याच मोसमात, २०२३ मध्ये, बंगळुरूच्या संघात विदर्भाच्या दोघी होत्या: दिशा कासट आणि डावखुरी कोमल झंझाड. पाच संघांची स्पर्धा, देशभरातून निवडलेल्या मोजक्या पोरी, त्यात एकाच संघात आपल्या दोघी. त्या दिवशी मला जुनी टीम फार आठवली. आमच्यातल्या एकीचा ग्रुपवर मेसेज आला: "आपण पंधरा वर्षं लवकर जन्मलो."

नागपुरात मोठे सामने झालेच नाहीत असं नाही. एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडच्या महिला इथं तीन एकदिवसीय सामने खेळल्या. ६ एप्रिलचा पहिला सामना बघायला मी भाचीला घेऊन गेले होते. मितालीचा तो १९२ वा एकदिवसीय सामना, महिलांमधला तेव्हाचा विक्रम. आपल्याला २०८ हव्या होत्या. स्मृती मानधनानं ८६ काढले, नंतर पटापट विकेट पडल्या आणि शेवटच्या जोडीनं सामना काढला, एका विकेटनं. भाचीनं त्या दिवसापासून बॅडमिंटन सोडलं. तिच्या आईनं मला अजून माफ केलेलं नाही.

आता पैशाचं, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी साळा विचारेलच. सीनियर महिलांची स्थानिक सामन्याची फी २०२१ मध्ये दिवसाला १२,५०० वरून २०,००० झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये एकदिवसीय सामन्यांसाठी अकरामधल्या खेळाडूला ५०,००० करायचं ठरलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकल्यानंतरच हे घडलं, हा योगायोग नाही. म्हणजे आता रेल्वेची नोकरी हा एकच रस्ता उरलेला नाही. विदर्भाची चांगली पोरगी विदर्भातच राहू शकते. या टीमच्या इतिहासातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा बदल हाच.

लेकीसाठी आता. बीसीसीआयची मुलींची १५ वर्षांखालची स्पर्धा असते, मग १९, मग २३, मग सीनियर. १२ व्या वर्षी सुरुवात म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. व्हीसीएच्या ट्रायल कधी आहेत ते वर्ध्याच्या जिल्हा संघटनेत विचारा, व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर अवलंबून राहू नका. जन्मदाखला आणि शाळेतली तारीख जुळते का ते आजच बघा. १५ वर्षांखालच्या गटात वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढतात. त्यात वय जास्त निघालं तर ढसाढसा रडणाऱ्या पोरी मी पाहिल्यात, आणि चूक बहुतेक वेळा घरच्यांची असते.

मुलांसोबत खेळू द्या, त्यानं हात तयार होतो. फक्त एक गोष्ट. पुरुषांचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. फरक थोडा वाटतो, पण लेगस्पिन टाकणाऱ्या लहान हाताला विचारा. नेटमध्ये सगळीकडे मुलांचाच बॉल पडलेला असतो. नागपुरात सीताबर्डीला आलात तर दुकानात महिलांचा बॉल मागा. "चालतो जी हाच" असं म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.