अडीच महिन्यांचं बाळ दिवसातून सात-आठ वेळा गुळणी काढतं. पीएच तपासणी (अन्ननलिकेत आम्ल किती वर येतं ते मोजणारी) करून घ्यावी का?

वजन नीट वाढत असेल तर नको. तुमच्या प्रश्नात वजनाचा आकडाच नाही, आणि निदान तिथूनच सुरू होतं.

आधी गुळणी की उलटी ते पाहा. गुळणीत दूध नुसतं ओघळतं आणि बाळ लगेच खेळू लागतं. उलटीत पोट जोर लावतं. दूध फुटून दह्यासारखं आलं, तर ते पोटात थोडा वेळ राहिलं एवढाच अर्थ. किती पडलं याचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून एक चमचा, म्हणजे ५ मिली दूध दुपट्यावर सांडून डाग बघून ठेवा. त्याच्याशी ताडून आठवडाभर लिहा: कधी पाजलं, किती वेळाने आलं, साधारण किती चमचे, रंग कोणता, पाजताना बाळ पाठ ताणून रडलं का. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय, पाजण्याआधी. रोज केलंत तर फसाल. एकदा पाजलं की काटा शंभरेक ग्रॅम हलू शकतो. या वयात दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढ हवी. वरचं दूध असेल तर दर किलोमागे दिवसाला १५० मिलीच्या फार वर जात नाही ना, तेही बघा.

‘बाळाला पित्त झालंय’ म्हणून आम्ल कमी करणारं औषध देणं मला मुळीच पटत नाही. त्याने आम्ल घटतं, दूध वर येणं थांबत नाही, कारण अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू मधूनमधून सैल पडतच राहतो. वर पोटाचे आणि छातीचे संसर्ग वाढू शकतात. चौथ्या महिन्यानंतर गुळण्या आपोआप ओसरू लागतात आणि श्रेय औषधाला मिळतं.

पीएचची नळी नाकातून घालून साधारण २४ तास ठेवतात. ती पीएच ४ च्या खाली गेलेलंच, म्हणजे तीव्र आम्लच मोजते. पाजल्यावर दुधाने आम्ल मारलेलं असतं, तेव्हाची गुळणी निसटते. इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा मोजून द्रव वर आला का ते ओळखणारी सोय) जोडलेली नळी तीही पकडते. श्वास थांबणं किंवा न उलगडणारा खोकला असेल तर ती कामाची.

हिरवी उलटी झाली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दर वेळी पिचकारीसारखी उडत असेल तर पोटाची सोनोग्राफी लगेच हवी. रक्त, ताप, फुगलेली टाळू किंवा फुगलेलं पोट असेल तरीही थांबू नका. झोपवायचं उताणंच, गुळण्या असल्या तरी.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा हृदयाचा, मेंदूचा आजार असेल, तर वरचे आडाखे लावू नका. त्याच्या डॉक्टरांनाच विचारा.