रशियन अतेस्तातचं भाषांतर करताना
अतेस्तात म्हणजे रशियन शाळेचा दाखला. तो इंग्रजीत करायचं हे तुझं पहिलंच काम ना? मग आधी शीर्षक दोनदा वाच. ९वीनंतरच्या दाखल्यावर ‘अस्नोव्नोये’ (मूलभूत) शिक्षण असतं, ११वीनंतरच्या दाखल्यावर ‘स्रेद्नेये’ (शब्दशः ‘मधलं’). या दुसऱ्या शब्दाचं सरळ ‘मिडल’ करून टाकशील, तर शाळा संपवलेला मुलगा कागदावर मिडल स्कूलमध्ये जाऊन बसेल. तिथे ‘सेकंडरी’च हवं. मीही सुरुवातीला ‘मिडल’च केलं होतं!

गुणांचं ए-बी-सी करू नकोस. ५ म्हणजे उत्कृष्ट, ३ म्हणजे समाधानकारक, २ म्हणजे नापास. आकडा आणि शब्द दोन्ही तसेच ठेव. समकक्षता ठरवणारे वेगळे असतात, ते आपलं काम नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणे. वडिलांवरून आलेलं मधलं नाव गाळू नकोस. आणि हो, गोल शिक्क्यातला मजकूरही भाषांतरात येतो.